खोली, मेस आणि शेजार: वसतिगृहात नव्याने येणाऱ्यांसाठी

अजिंठ्याच्या १२ क्रमांकाच्या लेण्यात चित्रे फारशी नाहीत, त्यामुळे पर्यटक तिथे रेंगाळत नाहीत. होस्टेलवर राहिलेल्या माणसाने मात्र तिथे दोन मिनिटे थांबावे. मधल्या चौकोनी दालनाच्या तीन बाजूंना चार-चार अशा बारा खोल्या आहेत आणि खोल्यांमध्ये दोन-दोन दगडी ओटे कोरलेले आहेत, झोपण्यासाठी. एका खोलीत दोघे, मधे सामाईक जागा! इसवी सनापूर्वीच्या या विहारात पावसाळ्यात मुक्काम करणारे भिक्षू ज्या रचनेत राहत, जवळजवळ त्याच रचनेत आज महाराष्ट्रातली मुले-मुली इंजिनिअरिंग, कृषी, मेडिकलचा अभ्यास करतात. लोखंडी कॉट आली, चार्जिंगचा पॉइंट आला, एवढाच फरक.

अनोळखी माणसे एका छपराखाली आली की नियम येतात. वसतिगृहातल्या नियमांचे ढोबळ दोन प्रकार पडतात. काही नियम वायर, पाणी आणि चूल यांनी घालून दिलेले असतात. ते सगळ्यांना सारखेच लागू पडतात. काही नियम मानपानातून आलेले असतात: कोणी आधी जेवायचे, कोणी कोणाच्या पंक्तीला बसायचे, कोणी कोणापुढे मान खाली घालायची. पहिले निमूट पाळावेत. दुसऱ्यांच्या बाबतीत महाराष्ट्राचा इतिहास वेगळे सांगतो, कारण इथली वसतिगृहे वाढली ती असले नियम मोडत मोडतच.

कोल्हापूर ते नागसेनवन

राजर्षी शाहू महाराजांनी १८९६ मध्ये कोल्हापुरात सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राजाराम वसतिगृह सुरू केले. दार सर्वांना उघडे होते, पण प्रत्यक्षात आत ब्राह्मण विद्यार्थ्यांचाच भरणा राहिला. तेव्हा महाराजांनी वाट बदलली. एकेका समाजाने आपल्या मुलांसाठी वसतिगृह काढावे, संस्थानाने जागा आणि मदत द्यावी, अशी ती योजना होती. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि दिगंबर जैन बोर्डिंग निघाले, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०७ मध्ये वीरशैव लिंगायत बोर्डिंग आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांतील मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. खेड्यातल्या मुलाला कोल्हापुरात शाळा होती, पण राहायला आणि जेवायला जागा नव्हती. शिक्षणाची खरी अडचण भाकरीपाशी आहे, हे ओळखणारा राज्यकर्ता त्या काळी विरळाच. कोल्हापूरला आजही विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणतात.

मिस क्लार्क बोर्डिंगच्या उद्घाटनाला हजर राहिलेल्यांत जैन बोर्डिंगमधला एक विद्यार्थी होता. परतल्यावर त्याला सांगण्यात आले की, आंघोळ केल्याशिवाय भोजनगृहात यायचे नाही. त्याने आंघोळ करायला नकार दिला आणि त्याला बोर्डिंग सोडावे लागले. तो विद्यार्थी म्हणजे भाऊराव पाटील. पुढे १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात असे वसतिगृह सुरू केले, जिथे सगळ्या जातींची मुले एकत्र राहत, आपली कामे आपण करत आणि एका पंगतीला जेवत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव मिळाले. हे चालवणे सोपे नव्हते. धान्य संपले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने एकेक करून मोडले, शेवटी मंगळसूत्रही. आज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात ‘कमवा व शिका’ योजनेत काम करून शिकणारा विद्यार्थी ज्या योजनेचा फॉर्म भरतो, तिला कर्मवीर भाऊराव पाटलांचेच नाव आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. सभेने हाती घेतलेल्या पहिल्या कामांत सोलापुरातले विद्यार्थी वसतिगृह होते. ते १९२५ मध्ये सुरू झाले. १९५० मध्ये औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, त्यांच्याच पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय निघाले. पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखल्या गेलेल्या या संस्थेच्या परिसरात, म्हणजे नागसेनवनात, महाविद्यालयाइतकाच मान वसतिगृहांना मिळाला. मराठवाड्यातल्या खेड्यांतून आलेली मुले तिथे राहिली आणि दलित साहित्याच्या जडणघडणीत त्या परिसराचा वाटा मोठा आहे.

मुलींची गोष्ट आणखी आधी सुरू होते. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले. विधवांना तिथे राहून शिकता येत असे. तिथल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी त्यांचा पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई, पुढे बाया कर्वे झाल्या. कर्व्यांनी १८९६ मध्ये स्थापन केलेला आश्रम १९०० मध्ये पुण्याजवळच्या हिंगण्यात एका झोपडीत गेला. मुलीने घराबाहेर राहून शिकणे ही आज साधी वाटणारी गोष्ट या दोन ठिकाणी पहिल्यांदा रुळली.

जागा मिळणे आणि टिकवणे

महाविद्यालयात प्रवेश मिळाला म्हणजे वसतिगृहात जागा मिळाली, असे नसते. बहुतेक ठिकाणी वेगळा अर्ज, वेगळी गुणवत्ता यादी आणि आरक्षणाप्रमाणे वाटप असते. जागा एका वर्षापुरती मिळते; पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करावा लागतो आणि निकाल घसरला तर खोली जाऊ शकते. डिपॉझिटची पावती कोर्स संपेपर्यंत जपून ठेवावी. खोली ताब्यात घेताना कॉट, टेबल, पंखा, काचा यांची स्थिती लिहून सही घेतात. तेव्हा तुटलेली कडी आणि न चालणारा पंखा तिथल्या तिथे नोंदवावा. न नोंदवलेली मोडतोड वर्षाअखेरीस डिपॉझिटमधून कापली जाते.

पुण्यातल्या होस्टेलांत ‘पॅरासाइट’ हा शब्द लवकरच कानावर पडेल. ज्याच्या नावावर जागा नाही पण जो मित्राच्या खोलीत गादी टाकून राहतो, तो पॅरासाइट. नंबर न लागलेल्या मुलाला आधार देणे ही माणुसकीच आहे. पण तपासणीत सापडल्यास ज्याच्या नावावर खोली आहे त्याची जागा जाते, हेही ठाऊक असावे.

नंबर लागला नाही तर सरकारी मदतीची चौकशी करावी. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांना राहण्या-जेवणासाठी थेट बँक खात्यात रक्कम मिळते. मुंबई-पुण्यासारख्या शहरांसाठी ती वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत ठरवलेली होती. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना, इतर मागासवर्गीयांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आणि शेतकरी-मजूर कुटुंबांतील मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला आणि आधारशी जोडलेले बँक खाते सुट्टीतच तयार ठेवावे. तारीख निघून गेल्यावर तहसील कार्यालयात चकरा मारून उपयोग होत नाही.

वीज, गरम पाणी आणि ढेकूण

पाणी तापवायचा रॉड जवळजवळ प्रत्येक वसतिगृहात बंद असतो आणि जवळजवळ प्रत्येक मजल्यावर एक तरी लपवलेला असतो. बंदीमागे रेक्टरांचा लहरीपणा नाही, साधे गणित आहे. १५०० वॉटचा रॉड २३० व्होल्टवर सुमारे साडेसहा अँपिअर वीज ओढतो. खोलीतला लहान प्लग ६ अँपिअरसाठी असतो. एका रॉडने प्लग तापतो. परीक्षेच्या थंडीत एकाच मजल्यावर दहा रॉड लागले तर ६५ अँपिअर एका जुन्या वायरीतून जातात. मग फ्यूज उडतो, आणि तो उडाला नाही तर वायर वितळते. इंडक्शन शेगडीचेही तेच. सोलरचे गरम पाणी पहाटे येते आणि उशिरा उठणाऱ्यांच्या आधी संपते. ढगाळ दिवसांत ते कोमटच असते. पावसाळ्यात गार पाण्याने आंघोळ करायची सवय लवकर लावून घेतलेली बरी.

ढेकणांचा प्रश्न स्वच्छतेपेक्षा फटींचा जास्त असतो. पूर्ण वाढलेला ढेकूण साधारण ५ मिलिमीटरचा, चपटा. दिवसा तो गादीच्या शिवणीत, कॉटच्या सांध्यात, लाकडी खुर्चीच्या फटीत बसतो. रक्त न मिळताही तो काही महिने तग धरतो, म्हणून उन्हाळाभर बंद असलेल्या खोलीतही तो जूनमध्ये स्वागताला हजर असतो. जुनी गादी कोणाकडून स्वस्तात घेऊ नये. सामान लावण्याआधी कॉट भिंतीपासून ओढून सांधे पाहावेत. काळे ठिपके दिसले तर ढेकूण आहेत असे समजावे. ५० अंश सेल्सिअसच्या आसपासची उष्णता ढेकूण सहन करू शकत नाही, म्हणून चादरी कढत पाण्यात भिजवाव्यात. फवारणी एकट्या खोलीची करून भागत नाही, कारण ढेकूण शेजारच्या खोलीत जातात आणि चार दिवसांनी परत येतात. पूर्ण मजल्याचा अर्ज द्यावा.

मेस

मेस दोन तऱ्हांनी चालते. एक, ठेकेदाराची: महिन्याला ठरलेली रक्कम. दुसरी, विद्यार्थ्यांच्या कमिटीची: महिन्याचा एकूण खर्च जेवणाच्या हजेऱ्यांनी भागायचा. समजा १०० मुले आणि ३० दिवस, म्हणजे ३००० हजेऱ्या. खर्च २,७०,००० रुपये आला तर दिवसाला ९० रुपये पडतात. घरी जाणाऱ्याने आधी कळवले की त्याचे ‘खाडे’ धरले जातात आणि तेवढी कणीक कमी मळली जाते. न कळवता गेला तर त्याच्या पोळ्या लाटल्या जातातच आणि त्यांचा खर्च सगळ्यांवर पडतो. म्हणून खाडे वहीत आगाऊ लिहिण्याचा नियम असतो आणि सलग ठरावीक दिवस गैरहजर असल्याशिवाय पैसे वळते होत नाहीत.

रविवारी दुपारी फीस्ट आणि रात्री मेस बंद, हा रिवाज बहुतेक ठिकाणी सापडेल. रविवार संध्याकाळची सोय नव्या विद्यार्थ्याने पहिल्याच आठवड्यात शोधून ठेवावी.

जिथे मेस परवडत नाही तिथे दुसरी एक व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तालुक्याच्या एसटी स्टँडवर सकाळी गावाकडची गाडी लागते आणि ड्रायव्हरच्या केबिनमधून, सीटखालून कापडी पिशव्या उतरतात. आत स्टीलचा डबा, झाकणावर ऑइल पेंटने मुलाचे आडनाव, भाकऱ्यांवर घट्ट बांधलेला फडका, कोपऱ्यात ठेच्याची पुडी. मुले ओळीने पिशव्या उचलतात आणि कालचा रिकामा डबा त्याच गाडीत परत ठेवतात. कोरडी चटणी, शेंगदाण्याचे लाडू, सुकी भाजी दिवसभर टिकते. ताकातली भाजी उन्हाळ्यात दुपारपर्यंत आंबते. किती डॉक्टर आणि तहसीलदार या डब्यांवर शिकले, याची नोंद एसटीच्या कुठल्याही तिकिटावर नाही.

रॅगिंग: शिस्तीच्या नावाखाली

‘ओळख परेड’, ‘पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट’, ‘सिनियरचा मान’ अशी नावे दिली तरी जबरदस्तीने गायला लावणे, रात्री जागे ठेवणे, सिगारेट आणायला पिटाळणे, असाइनमेंट लिहून घेणे हे सगळे रॅगिंगच. महाराष्ट्रात त्यासाठी १९९९ पासून स्वतंत्र कायदा आहे. दोषी विद्यार्थ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, महाविद्यालयातून काढले जाते आणि पाच वर्षे दुसरीकडे प्रवेश मिळत नाही. तक्रार आली की संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची, हेही कायद्यातच लिहिले आहे. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या राघवन समितीने २००७ मध्ये अहवाल दिला आणि २००९ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने देशभरासाठी नियम केले. प्रवेशाच्या वेळी विद्यार्थी आणि पालक यांच्याकडून हमीपत्र घेतले जाते ते त्यामुळे. शक्य तिथे पहिल्या वर्षाच्या मुलांना वेगळ्या इमारतीत ठेवण्याची सूचनाही त्यातच आहे. १८००-१८०-५५२२ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो. तो पहिल्याच दिवशी फोनमध्ये साठवावा आणि घरच्यांनाही द्यावा.

कोणता नियम कशासाठी

वसतिगृहातून काढून टाकले जाणे ही नेहमीच नामुष्की नसते. १९०५ मध्ये पुण्यात परदेशी कपड्यांची होळी झाली तेव्हा फर्ग्युसनचा विद्यार्थी विनायक सावरकर याला दहा रुपये दंड झाला आणि वसतिगृह सोडावे लागले. आज त्याच महाविद्यालयाने त्याची खोली जपली आहे. मुलींच्या वसतिगृहांच्या वेळा मुलांपेक्षा कडक का, या प्रश्नावर २०१५ मध्ये दिल्लीत ‘पिंजरा तोड’ हे आंदोलन उभे राहिले.

अर्थात प्रत्येक भांडण आंदोलनाच्या योग्यतेचे नसते. रात्री अकरानंतर मोठ्याने गाणी लावू नका, बादली नळाखाली लावून निघून जाऊ नका, रूम पार्टनरचा टॉवेल वापरू नका, परीक्षेच्या काळात खोलीत पत्ते मांडू नका: हे शेजारधर्माचे नियम कोणत्याही माहितीपुस्तिकेत छापलेले नसतात आणि वर्षभराची मैत्री किंवा अबोला त्यांच्यावरच ठरतो. झोपेच्या आणि अभ्यासाच्या वेळा पहिल्या आठवड्यातच बोलून घेतल्या तर पुढे फार काही बोलावे लागत नाही.

नवा नियम समोर आला की तो कशासाठी आहे हे आधी विचारावे. रॉड, खाडे, पाण्याची वेळ यांचे उत्तर वायरमन, स्वयंपाकी आणि टाकी देतात, ते ऐकावे. ‘आमच्या वेळी असेच होते’ एवढेच उत्तर मिळाले तर अर्ज लेखी द्यावा, त्यावर आवक क्रमांक घ्यावा आणि मेस कमिटीच्या पहिल्या बैठकीला जाऊन बसावे. पहिल्या वर्षाचे विद्यार्थी या बैठकांना सहसा फिरकत नाहीत. पण भाजीचा ठेका, फीस्टचा बेत आणि जेवणाच्या रांगेचा क्रम तिथेच ठरतो.