अंथरुणातले तीन आठवडे

१९६६ साली अमेरिकेतील डॅलस शहरात विशीतल्या ५ धडधाकट तरुणांना ३ आठवडे अंथरुणात झोपवून ठेवले. आधी आणि नंतर त्यांना फिरत्या पट्ट्यावर दमेपर्यंत पळवले आणि शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरते ते मोजले. ही क्षमता पाव हिश्शाहून अधिक घटली होती. ३० वर्षांनी, पन्नाशीला आलेल्या त्याच पाच जणांना पुन्हा तपासले, तेव्हा दिसले की ३० वर्षांच्या वयानेही त्या ३ आठवड्यांइतके नुकसान केले नव्हते!

त्या काळापर्यंत हृदयविकाराच्या झटक्यानंतर रुग्णाला आठवडेच्या आठवडे खाटेवर ठेवण्याची रीत होती. १९५२ मध्ये लिव्हाइन आणि लाऊन या डॉक्टरांनी अशा रुग्णांना खुर्चीत बसवायला सुचवले, तेव्हा तेही धाडसाचे वाटले. आज हृदयरुग्णाला बेताबेताने चालवणे हा उपचाराचाच भाग आहे.

मराठीत 'व्यायामशास्त्र' म्हटले की शिट्टी आणि पी.टी.चे सर आठवतात. अमेरिकेत मात्र ४ वर्षांची ही पदवी घेऊन पुष्कळ विद्यार्थी फिजिओथेरपीकडे, काही वैद्यकाकडे वळतात. मला ही पूर्वतयारी मोलाची वाटते, कारण इथे निरोगी शरीर श्रम करताना कसे वागते ते आधी शिकवतात. स्वस्थ बसलेल्या माणसाचे हृदय मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त फिरवते. जोराच्या श्रमात निरोगी तरुणाचे २० लिटरपर्यंत जाते. बसल्या जागी लपलेला दोष या वाढीव मागणीत उघडा पडतो. म्हणूनच ३० मीटरच्या सपाट व्हरांड्यात रुग्णाला ६ मिनिटे चालवून अंतर मोजण्याची साधी चाचणी फुप्फुसाच्या आणि हृदयाच्या विकारांत इतकी उपयोगी ठरते.

आपल्याकडेही हे कुतूहल होते. बडोद्याच्या माणिकरावांच्या आखाड्यात तयार झालेल्या स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि योगक्रियांचे परिणाम क्ष-किरणांनी तपासले. ते स्वतः डॉक्टर नव्हते, हे मला विशेष वाटते.

मुलांना या वाटेने परदेशी पाठवणाऱ्या पालकांनी एक गोष्ट आधी विचारून घ्यावी. नुसत्या या पदवीवर तिथे फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करता येत नाही. त्यासाठी पुढे साधारण ३ वर्षांचे शिक्षण आणि परवान्याची परीक्षा असते. आपल्याकडे बारावीनंतर थेट फिजिओथेरपीची पदवी घेता येते, त्यामुळे हा मधला टप्पा सहज नजरेतून सुटतो आणि खर्चाचा हिशेब चुकतो.