पाय चार्ट की बार चार्ट? 📊

विक्रीच्या प्रेझेंटेशनमध्ये आठ-दहा फोडींचा रंगीबेरंगी पाय चार्ट हमखास दिसतो. पण २३ टक्के आणि २६ टक्के यांतली मोठी फोड कोणती, हे आकडे झाकून सांगून बघा!

बार चार्ट आणि पाय चार्ट हे दोन्ही विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश माणसाचे. पहिला १७८६ चा, दुसरा १८०१ चा. पुढे १९८४ मध्ये क्लीव्हलँड आणि मॅकगिल या संशोधकांनी प्रयोग करून दाखवलं, की एकाच पट्टीवरची लांबी आपण अचूक जोखतो, कोन जोखताना मात्र जास्त चुकतो.

म्हणून स्लाइड करताना:

✅ तुलना असेल तिथे बार. नावं लांबलचक असतील तर आडवे बार घ्या, अक्षरं तिरकी करावी लागत नाहीत.
✅ बार मोठ्याकडून लहानाकडे लावा.
✅ अक्ष शून्यापासूनच सुरू करा, नाहीतर किरकोळ फरकही प्रचंड दिसतो.
✅ मुद्द्याचा बार गडद, बाकीचे राखाडी. फक्त लाल-हिरव्यावर विसंबू नका, काहींना तो भेद दिसत नाही.
✅ शीर्षकात निष्कर्ष लिहा. ‘तिमाही विक्री’ऐवजी ‘नाशिकची विक्री पुण्याच्या पुढे’.
✅ मराठी मजकुरात ओळींमधलं अंतर थोडं वाढवा, वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार एकमेकांत अडकत नाहीत.
❌ थ्रीडी इफेक्ट नकोच. पुढची फोड उगाच मोठी दिसते.

पाय चार्ट बादच करा असं नाही. दोन-तीनच भाग असतील तर तो छान चालतो. पुढच्या मीटिंगआधी तुमची एक स्लाइड अशी बदलून बघा आणि फरक कमेंटमध्ये सांगा!