चित्र मोठे, टेबल लहान

हबल दुर्बिणीने टिपलेले देवयानी दीर्घिकेचे एक प्रचंड छायाचित्र जानेवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याची रुंदी ६९,५३६ आणि उंची २२,२३० चित्रबिंदू, म्हणजेच पिक्सेल, आहे. गुणाकार केला तर सुमारे १५४ कोटी ५८ लाख बिंदू होतात. प्रत्येक बिंदूचा रंग लाल, हिरवा व निळा अशा तीन आकड्यांनी सांगतात. एका आकड्याला एक बाइट धरला, तर सबंध चित्राला सुमारे ४६४ कोटी बाइट जागा हवी.

डिस्कवरची फाइल याहून लहान असू शकते. जेपेग प्रकारची फाइल म्हणजे घडी घातलेले धोतर. काम करताना ती उलगडावीच लागते. शिवाय चित्रावर दुसरा थर चढवला, की जागा आणखी वाढते. केलेला बदल मागे घेता यावा म्हणून आधीची स्थितीही जपून ठेवावी लागते.

संगणकाची रॅम म्हणजे कामाचे टेबल, आणि डिस्क म्हणजे कपाट. टेबल भरले की संगणक काही भाग कपाटात ठेवतो व लागेल तसा परत आणतो. मँचेस्टरच्या ॲटलस संगणकात ही युक्ती १९६२ सालीच वापरली गेली. तिच्यामुळे काम अडत नाही, पण वेळ मात्र जातो. रॅममधला आकडा मिळायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, तर फिरत्या डिस्कवरचा शोधायला सुमारे १० मिलिसेकंद, म्हणजे एक लाख पट. टेबलावरची वही उचलायला एक सेकंद लागतो असे मानले, तर कपाटातली वही आणायला २७ तासांहून अधिक लागतील! चकतीविना चालणारी एसएसडी पुष्कळच वेगवान असते, तरी रॅमच्या मानाने तीही बरीच मागे आहे.

म्हणून कपाटाकडच्या खेपा कमी करणे महत्त्वाचे. हे वर्गात करून पाहता येईल. आलेखाच्या कागदावर १६ × १६ चौकोनांचे चित्र काढा. एका प्रतीच्या १६ आडव्या पट्ट्या कापा, दुसरीचे ४ × ४ चे १६ तुकडे करा. पट्टीत आणि तुकड्यात चौकोन सारखेच, १६. आता चित्रातला एक उभा स्तंभ रंगवायचा आहे. पट्ट्या किती उचलाव्या लागल्या? सोळाही. तुकडे? फक्त चार. आडवी ओळ रंगवताना मात्र पट्टी एकच पुरते, तुकडे चार लागतात. चित्रावरचे काम कधी आडवे, कधी उभे, तर कधी एखाद्या कोपऱ्यापुरते असते. त्यामुळे मोठी चित्रे हाताळणाऱ्या अनेक प्रणाली चित्राचे असे चौकोनी तुकडे पाडतात.

शाळेत जुनी हस्तलिखिते किंवा नकाशे स्कॅन करण्याचे काम निघाले आणि संगणक मंदावला, तर नवा घेण्याआधी आपण एक तपासणी करावी. काम चालू असताना रॅम पूर्ण भरली असेल आणि डिस्क सतत चालत असेल, तर टेबल लहान पडते आहे. तिथे रॅम वाढवणे उपयोगी. रॅम मोकळी असून प्रोसेसर पूर्ण गुंतला असेल, तर वाढीव रॅमवरचा खर्च वाया जाईल. शाळेचे पैसे मोजकेच असतात. आधी गुणाकार, मग खरेदी.