मुलांची माहिती : पान दाखवा, सातबारा नको



चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आले. त्यासारखे चॅटबॉट आता मोबाईलवरही चालतात. प्रश्नपत्रिका काढणे, प्रगतिपुस्तकावरचे शेरे लिहिणे ही कामे काही शिक्षक त्यांच्याकडून करून घेतात. वेळ वाचतो, त्यात वावगे काही नाही. प्रश्न आहे तो त्याला काय सांगायचे आणि काय नाही, याचा.

समजा, गुरुजींनी लिहिले, ‘सातवीतली अमुक मुलगी, अमुक गाव. आईबाप ऊसतोडीला गेलेत, घरी फक्त आजी. अभ्यासात मागे पडली, उपाय सांगा.’ हेतू चांगलाच. पण मुलीचे नाव, गाव आणि घरी आईबाप नाहीत ही गोष्ट एका दमात गावाबाहेर गेली. चॅटबॉटला लिहिलेला मजकूर कंपनीच्या संगणकावर जातो. काही सेवांत तो यंत्राला शिकवण्यासाठीही वापरतात. मार्च २०२३ मध्ये बिघाडामुळे चॅटजीपीटीच्या काही वापरकर्त्यांना दुसऱ्यांच्या संभाषणांची शीर्षके दिसली होती.

कपाशीवरचा रोग विचारायचा तर आपण पान दाखवतो, सातबारा नाही. इथेही तेच. एवढे पाळावे :

१) नाव, गाव, शाळा, आधार क्रमांक, ‘सरल’चा क्रमांक लिहू नये. ‘सातवीचा एक विद्यार्थी’ पुरे.

२) जात, आजार, घरची परिस्थिती गाळावी. ‘अपूर्णांकांची बेरीज चुकते’ एवढ्यावरही उपाय मिळतो.

३) गुणपत्रकाचा, हजेरीपटाचा फोटो टाकू नये.

४) मजकूर शिकवणीसाठी न वापरण्याची सोय सेटिंगमध्ये असेल तर ती निवडावी, पण तेवढ्यावर विसंबू नये.

आणि बरं का, लहान वाडीत नुसते नाव गाळून भागत नाही. सातवीत पोरी चारच. आईबाप ऊसतोडीला गेलेली कोण, हे सगळ्यांना ठाऊक. तेव्हा लिहिण्याआधी विचार करावा, हे वाचून गावातला माणूस मूल ओळखेल का? ओळखेल, तर तो तपशील काढावा.

आता पालकांविषयी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, अंमल टप्प्याटप्प्याने आहे. पण तोवर थांबायचे कशाला? शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. गुरुजींवर संशय म्हणून नव्हे, तर पोरांची राखण दोघांची म्हणून.