वर्तन-विश्लेषकांची वार्षिक परिषद : कशासाठी?

वार्षिक सभा म्हटली की अहवालवाचन, जमाखर्चाला मंजुरी, सत्कार आणि शेवटी चहापान, एवढेच चित्र आपल्या डोळ्यांसमोर उभे राहते. परंतु काही व्यवसाय असे आहेत की, त्यांतील माणसांनी वर्षातून एकदा एकत्र येऊन आपले काम एकमेकांस दाखविले नाही, तर त्याचे परिणाम दुबळ्या व असहाय माणसांना भोगावे लागतात. वर्तन-विश्लेषण हा असाच एक व्यवसाय होय. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात या व्यवसायातील लोकांची प्रादेशिक संघटना असून तिची दरवर्षी परिषद भरते. ती का सुरू झाली, तेथे काय चालते आणि त्यापासून आपले सभासद व विद्यार्थी यांनी काय घ्यावे, हे प्रस्तुत लेखात थोडक्यात सांगण्याचा आमचा प्रयत्न आहे.

वर्तन-विश्लेषण म्हणजे काय?

बी. एफ. स्किनर (१९०४-१९९०) या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने असे मांडले की, एखाद्या कृतीनंतर जे घडते त्यावर ती कृती पुन्हा होईल की नाही हे बरेचसे अवलंबून असते. कृतीनंतर हवे ते मिळाले तर ती वाढते. यालाच प्रबलन म्हणतात.

एक साधे उदाहरण घेऊ. न बोलणारी दोन मुले आहेत आणि दोघेही आपले डोके भिंतीवर आपटतात. पहिल्याने डोके आपटले की आई हातातले काम टाकून धावत येते. दुसऱ्याने आपटले की बाई समोरची पाटी उचलून घेतात व धडा थांबतो. बाहेरून पाहता कृती एकच. परंतु एकाला माणूस जवळ हवा आहे, तर दुसऱ्याला अवघड कामातून सुटका हवी आहे. दोघांना एकच उपाय करून चालणार नाही. पहिल्यास आईला बोलाविण्याची खूण शिकवावी लागेल, दुसऱ्यास ‘थोडे थांबू या’ असे सांगण्याची. डोके आपटण्याचे कारण अशा रीतीने पद्धतशीरपणे तपासण्याचा प्रयोग ब्रायन इवाटा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये नऊ जणांवर करून प्रसिद्ध केला. हेच इवाटा पुढे फ्लोरिडा विद्यापीठात प्राध्यापक झाले.

सनलँडचा धडा

मात्र हे ज्ञान दुधारी आहे. ज्याच्या हाती बक्षीस देणे आणि रोखणे असते, त्याच्या हाती सत्ता असते. फ्लोरिडातील मायामी येथे १९६५ मध्ये सनलँड नावाचे शासकीय निवासी केंद्र उघडण्यात आले. त्या काळी मतिमंद म्हटली जाणारी मुले व तरुण तेथे राहत. कर्मचारी अपुरे व वारंवार बदलणारे. मुलांची देखभाल करणाऱ्यांत बहुसंख्य कॉलेजचे विद्यार्थी. ‘वर्तन सुधारणा’ या नावाखाली तेथे टोकनांची योजना सुरू झाली. चांगल्या वागण्याबद्दल टोकन द्यायचे व त्यावर वस्तू किंवा सवलत मिळायची, ही मूळ कल्पना. प्रत्यक्षात मात्र फळीने मारणे, साबणाने तोंड धुणे, बांधून ठेवणे, कोंडणे असे प्रकार ‘उपचार’ म्हणून चालू राहिले.

१९७२ मध्ये हे प्रकरण बाहेर आले. नेमलेल्या चौकशी समितीत वर्तन-विश्लेषकही होते. समितीने सत्तरहून अधिक लोकांच्या मुलाखती घेतल्या. त्यातून दिसून आले की, दोष केवळ चार निर्दय माणसांचा नव्हता. कर्मचाऱ्यांना धड प्रशिक्षण नव्हते आणि बंद दाराआड काय चालले आहे हे पाहणारा बाहेरचा जाणकार कोणीच नव्हता. ज्यांच्यावर हे सर्व चालले होते, त्यांना तक्रार करणेही अवघड होते. या प्रकरणानंतर राज्यात उपचारांसाठी मार्गदर्शक नियम तयार झाले आणि इतर तज्ज्ञांकडून काम तपासून घेण्याची पद्धत आली.

संघटना आणि परिषद

याच वाटेवर पुढे १९८० मध्ये फ्लोरिडा वर्तन-विश्लेषण संघटना स्थापन झाली. ऑर्लँडो येथील त्या मेळाव्यात प्रमुख भाषण खुद्द स्किनर यांचे झाले. १९८८ मध्ये संघटनेने आपल्या सभासदांसाठी आचारसंहिता स्वीकारली. फ्लोरिडात राज्यपातळीवर या कामासाठी परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची पद्धतही सुरू झाली होती. त्या अनुभवाच्या पायावर १९९८ मध्ये देशव्यापी प्रमाणन मंडळ उभे राहिले.

अशा परिषदांत काय चालते? कार्यशाळा होतात, व्याख्याने होतात, आचारनीतीवर चर्चासत्रे होतात. विद्यार्थी आपले प्रयोग मोठ्या तक्त्यांवर मांडून त्याजवळ उभे राहतात. येणारा-जाणारा थांबून आलेख पाहतो आणि प्रश्न विचारतो : उपाय सुरू करण्यापूर्वी किती दिवस नोंद ठेवली? उपाय थांबविल्यावर काय झाले? नोंद करणारा दुसरा कोणी होता का? मुलाच्या पालकांची संमती घेतली होती का? नामवंत प्राध्यापक असो वा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी, ‘माझ्या अनुभवावर विश्वास ठेवा’ एवढ्यावर त्याची सुटका होऊ नये, हा या सगळ्याचा हेतू. प्रमाणपत्रधारकांना ठरावीक मुदतीत पुढील शिक्षण घेतल्याचे दाखवावे लागते. तेही तेथे पुरे करता येते. सनलँडमध्ये जे नव्हते, ते म्हणजे चार जाणकार डोळे. परिषद हे डोळे पुरविते.

वाद संपलेला नाही

परिषदा भरू लागल्या म्हणजे सर्व आलबेल झाले, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. १९८७ मध्ये इवार लोवास यांनी स्वमग्न मुलांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला सुमारे ४० तास शिकविलेल्या १९ मुलांपैकी ९ मुले सर्वसाधारण शाळेत इतर मुलांप्रमाणे शिकू लागली, असे त्यात म्हटले होते. त्याने पालकांना मोठी आशा दिली. पण त्यात ओरडणे व मांडीवर चापट मारणे यांचाही वापर होता, आणि मुलांची गटवारी चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती, हेही तितकेच खरे. आज मोठ्या झालेल्या अनेक स्वमग्न व्यक्ती विचारतात, ‘आमचे हात हलविणे कोणाला त्रास देत होते, की ते थांबविण्यात एवढी वर्षे घालविली?’ विजेचा धक्का देऊन वर्तन बदलण्याच्या प्रकारास या क्षेत्रातील आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२२ मध्ये स्पष्ट विरोध जाहीर केला. सनलँड उघडकीस आल्यानंतर त्याला पन्नास वर्षे लागली, हे विसरता येत नाही.

आपण काय घ्यावे?

आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने स्वमग्नतेस दिव्यांगत्वाच्या यादीत स्थान दिले आहे. थेरपी देणारी केंद्रेही शहरांतून दिसू लागली आहेत. पालकांनी फी भरण्यापूर्वी तीन गोष्टी जरूर विचाराव्यात. माझे मूल असे का वागते, हे तुम्ही कसे शोधले? त्याची रोजची नोंद मला दाखवाल का? मी न सांगता आलो तर मला आत बसता येईल का? तिसऱ्या प्रश्नाला टाळाटाळ झाली तर सावध व्हावे.

या क्षेत्रात शिरू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी एक लक्षात ठेवावे. वर सांगितलेल्या अमेरिकन मंडळाच्या प्रमाणपत्रासाठी भारतात राहणाऱ्यांना २०२३ पासून नव्याने अर्ज करता येत नाही. त्यामुळे ते मिळवून देण्याचे आश्वासन देणाऱ्या जाहिरातींपासून दूर राहावे. प्रमाणपत्राहून महत्त्वाची सवय मात्र येथे बसूनही लावता येते. ती म्हणजे आपल्या कामाची वही उघडी ठेवण्याची आणि प्रश्न विचारणाऱ्याचा राग न मानण्याची.

शिक्षक असो, परिचारिका असो वा वसतिगृहाचा अधीक्षक असो, दुसऱ्याच्या वागण्यावर ज्याचा अधिकार चालतो, त्या प्रत्येकाला ही सवय लागू आहे. जो स्वतः बोलू शकत नाही, त्याच्या वतीने कोणीतरी दार उघडून आत पाहिले पाहिजे, एवढेच आमचे सांगणे आहे.