हेल्मेटमधला माइक: ‘साठ’चं ‘आठ’ का होतं?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा मजकूर.

मी देहूत राहतो, सॉफ्टवेअरमध्ये काम करतो आणि बाइकवर फिरतो. आपल्या देहू-तळवडे-चाकण पट्ट्यात हेल्मेटमध्ये ब्लूटूथ लावणारे भरपूर आहेत. कुणी डिलिव्हरी करतं, कुणाला शिफ्टला निघताना फोन येतो, कुणी रविवारी ग्रुपने लोणावळ्याला जातं. तक्रार सगळ्यांची एकच: मला सगळं ऐकू येतं, पण समोरच्याला माझं काही कळत नाही.

बहुतेकांना वाटतं, हा इंजिनाचा आवाज. पण गाडी साधारण ताशी 60 किलोमीटरच्या पुढे गेली की इंजिनापेक्षा वारा मोठा होतो. 100 च्या वेगाला हेल्मेटच्या आत कानाशी 95 ते 100 डेसिबलपर्यंत आवाज असू शकतो.

आणि वारा माइकला दोन प्रकारे त्रास देतो. एक म्हणजे त्याचा घोंगावणारा आवाज. दुसरं म्हणजे हवेचा झोत थेट माइकच्या पडद्यावर आपटतो. हा दुसरा प्रकार जास्त वाईट. त्या धक्क्याने माइकची मर्यादाच संपते. काठोकाठ भरलेल्या ग्लासात आणखी पाणी ओतलं तर ते बाहेरच सांडणार ना? तसंच तुमच्या आवाजाचं होतं. जे माइकने पकडलंच नाही, ते कुठलंही ॲप परत आणू शकत नाही. मी स्वतः कोड लिहितो, तरी सांगतो: आधी वारा अडवा, सॉफ्टवेअर नंतर.

आता क्रमाने काय करायचं ते बघू.

पहिलं, अंतर. कीर्तनात बुवांचा माइक तोंडापासून लांब गेला की मागे बसलेल्यांना टाळ-मृदंगच जास्त ऐकू येतो. इथेही तेच. माइक 4 सेंटीमीटरवरून 2 वर आणला तर तुमचा आवाज साधारण 6 डेसिबलने वाढतो, वाऱ्याचा मात्र तेवढाच राहतो. फुकटचा फायदा! फक्त माइक ओठांच्या अगदी समोर नको, कोपऱ्याशी ठेवा. नाहीतर ‘प’, ‘फ’, ‘भ’ म्हणताना श्वासाचा फटका बसतो.

दुसरं, दिशा. बऱ्याच माइकवर एक खूण किंवा बाण असतो. ती बाजू ओठांकडे हवी. फुल फेस हेल्मेटला हनुवटीच्या भागात चिकटणारा वायरवाला छोटा माइक बरा पडतो. ओपन फेसला दांडीवाला.

तिसरं, वाऱ्याची वाट. स्पंजची टोपी हरवली असेल तर आधी ती बसवा. ती हवेचा झोत मोडते, आवाज मात्र आत येऊ देते. बोलताना तोंडासमोरचा व्हेंट बंद, काच खाली. हनुवटीखालून येणारी हवा अडवायला कापडी चिन कर्टन मिळतो, तो लावा. पण माइक बसवायला हेल्मेटचं कवच भोसकू नका किंवा आतलं थर्माकोल कोरू नका. डोकं वाचवणारा भाग तोच आहे.

चौथं, ब्लूटूथ. गाणी छान वाजतात आणि कॉल लागला की आवाज डब्यातून आल्यासारखा होतो, कारण कॉलसाठी ब्लूटूथ वेगळी पद्धत वापरतं. जुन्या पद्धतीत सेकंदाला 8,000 नमुने घेतले जातात, म्हणजे 4,000 हर्ट्‌झच्या वरचं सगळं गेलं. आपला ‘स’ मुख्यतः त्याच्याही वर असतो! म्हणून ‘गेट नंबर साठ’ पलीकडे ‘गेट नंबर आठ’ होतो, आणि माणूस कंटेनरच्या रांगेत चुकीच्या गेटला जाऊन उभा राहतो. नव्या पद्धतीत 16,000 नमुने असतात. त्याला वाइडबँड किंवा एचडी व्हॉइस म्हणतात. युनिट घेताना हे जरूर विचारा. आणि आकडे सांगताना ‘साठ’ऐवजी ‘सहा, शून्य’ म्हणा.

हे सगळं जमलं की मगच नॉइज कॅन्सलेशन चालू करा. आधीच फाटलेल्या आवाजावर ते लावलं तर शब्दच खाऊन टाकतं.

तपासायचं कसं? रस्त्यावर नको. घरी टेबल फॅन फुल करा, हेल्मेट घालून समोर बसा आणि ब्लूटूथवरून मित्राला फोन लावा. एकच वाक्य बोला, मध्ये एकच गोष्ट बदला: आधी टोपीशिवाय, मग टोपीसह, मग माइक सरकवून. फरक दहा मिनिटांत कळतो.

शेवटी दोन गोष्टी. ऐकू येत नाही म्हणून व्हॉल्यूम वाढवत नेऊ नका. अमेरिकेच्या ‘नायोश’ संस्थेच्या शिफारशीनुसार 85 डेसिबल 8 तास चालतं, 100 डेसिबल फक्त 15 मिनिटं. आणि हातात फोन धरून बोलणं मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 खाली येतं. हात मोकळे असले तरी लक्ष बोलण्याकडेच जातं. येलवाडीवरून तळेगाव-चाकण रस्त्याला लागलात की शेजारून ट्रेलर जातात. तिथे माइक कितीही भारी असो, एवढंच बोला: ‘गाडीवर आहे, थांबून करतो.’ हे तीन-चार शब्द पलीकडे स्वच्छ पोचले, की माइकचं काम झालं.

फॅनसमोरची टेस्ट करून बघा आणि काय फरक पडला ते कळवा. भेटू पुढच्या भागात!