शेतकऱ्याची माहिती व त्याची संमती

महसूल खात्यातील आमच्या नोकरीत एक शेरा आम्ही असंख्य वेळा लिहिला: ‘जबाब वाचून दाखविला, बरोबर आहे.’ ज्यास सही येत नसे त्याचा डाव्या अंगठ्याचा ठसा घेऊन शेजारी साक्ष घातली जाई. वाचून न दाखविता अंगठा घेतल्याची तक्रार वर गेली म्हणजे कारकुनाची धडगत नसे. सांप्रत अंगठ्याची जागा मोबाईलवर येणाऱ्या आकड्यांनी, म्हणजे ओटीपीने, घेतली आहे. मात्र वाचून दाखविण्याची चाल मागे पडली.

गेल्या हंगामात आमचे एक वयोवृद्ध शेजारी ठिबकच्या अनुदानासाठी एका दुकानी गेले. सातबारा, आधारची नक्कल, बँकेचे पासबुक, सर्व दिले. ‘आप्पा, आकडे आले ते सांगा,’ असे तेथील मुलगा म्हणाला, आप्पांनी सांगितले. पंधरवड्याने एका अनोळखी इसमाचा फोन आला. त्यास गट क्रमांक ठाऊक, केळीचे क्षेत्र ठाऊक, लागवडीचा महिनाही ठाऊक! दुकानी जाब विचारता ‘तुम्हीच संमती दिली,’ असे उत्तर मिळाले, आणि पडद्यावरील एक खूण दाखविण्यात आली.

रावेर-यावलच्या बागायतदारास यातील मेख सांगावयास नको. घड केव्हा कापणीस येणार आणि हप्ता केव्हा भरावयाचा, या दोन गोष्टी घेणाऱ्यास आधी कळल्या म्हणजे भाव कोण ठरविणार?

कोणी म्हणेल, सातबारा तर उघडाच आहे. खरे आहे. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ साली झाला. सातबाऱ्याची नक्कल फी भरून मिळते, आणि सोसायटीचा बोजाही इतर हक्कांत दिसतो. कायद्यानेच जी माहिती प्रसिद्ध करावी लागते तीस डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ याने आपल्या कक्षेबाहेर ठेवले आहे. पण सातबाऱ्यावर मोबाईल क्रमांक नसतो, बँकेचे खाते नसते. या सर्वांची एका ठिकाणी मोट बांधली म्हणजे निराळीच वस्तू तयार होते.

ही मोट सरकारही बांधीत आहे. शेतकरी ओळख क्रमांकाखाली आधार, मोबाईल व गट एकत्र जोडले जातात, आणि महाराष्ट्रात कृषि खात्याच्या योजनांसाठी तो १५ एप्रिल २०२५ पासून आवश्यक करण्यात आला. येथे वाचकांनी एक भेद नीट ध्यानी घ्यावा. अनुदान, दाखला, परवाना देण्याकरिता सरकारने माहिती वापरावयाची असेल, तर पूर्वी अशा लाभासाठी दिलेल्या संमतीवर किंवा केंद्राने अधिसूचित केलेल्या सरकारी दप्तरावरून ती वापरण्याची मुभा अधिनियमाच्या कलम ७ मध्ये आहे. दर वेळी नवी संमती लागत नाही. आम्हांस ही मुभा जरा सैल वाटते, पण कायदा तसा आहे.

व्यापारी, बियाण्याची कंपनी किंवा कर्ज देणारा खासगी इसम यांना ही सरकारी मुभा नाही. पावतीसाठी आपण होऊन नंबर दिला तर तो पावतीपुरता वापरता येतो. त्यापलीकडे सामान्यतः संमती हवी. ती मोकळ्या मनाने, विशिष्ट कामापुरती, समजून व स्पष्ट कृतीने दिलेली असावी. संमती मागण्यापूर्वी वा मागतेवेळी कोणती माहिती कशासाठी हवी याची सूचना द्यावी लागते, आणि ती सूचना मराठीतून मागण्याचा हक्क आहे. फेरफाराची नोंद प्रमाणित होण्याआधी हितसंबंधितांस नोटीस द्यावी लागते, त्याच जातीची ही गोष्ट. दिलेली संमती परत घेता येते, आणि ती घेणे देण्याइतकेच सोपे असावे असा दंडक आहे. आधी झालेला वापर मात्र त्याने बेकायदा ठरत नाही.

या अधिनियमाचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि संमतीविषयीची मुख्य कलमे त्यापुढे १८ महिन्यांनी अमलात यावयाची असे ठरले. तथापि लेखी अर्ज देण्यास मुदतीची वाट पाहण्याचे कारण नाही. आमच्या अनुभवास आलेली एक साधी युक्ती सांगतो: आधारच्या नकलेवर आडवी रेघ मारून ‘केवळ ठिबक अनुदानासाठी’ असे लिहावे व तारीख घालावी. ओटीपी सांगण्यापूर्वी पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचावयास लावावा. मागे रांग उभी असली तरी चालेल.

आप्पांच्या वतीने आम्ही दुकानदारास अर्ज लिहिला: माझी माहिती कोणकोणास दिली ते लेखी कळवावे, व अनुदानापलीकडील संमती मी परत घेत आहे. पोच देण्यास त्याने प्रथम टाळाटाळ केली. आम्ही बाकावर बसून राहिलो, तेव्हा शिक्का मारला. ती पोच आप्पांच्या खातेपुस्तिकेत आहे; उत्तर अद्याप यावयाचे आहे.